बेहजाद: हेरातचा दरबारी चित्रकार आणि त्याच्या एका पानामागचे हात

बोरूवाला (धागाकर्ता)

१५२२ साली इराणच्या शाह इस्माईलच्या नावाने निघालेल्या एका फर्मानात कमालुद्दीन बेहजादला सफवी दरबाराच्या किताबखान्याचा (पोथ्या लिहिण्या-रंगवण्याच्या कारखान्याचा) प्रमुख नेमलं आहे. फर्मानाचा मजकूर इतिहासकार ख्वांदमीरने जमवलेल्या पत्रसंग्रहात टिकून राहिला. त्यात बेहजादच्या हाताखालच्या लोकांची जी यादी आहे ती मला त्याच्या कुठल्याही गुणगानापेक्षा मोलाची वाटते: कातिब म्हणजे लिहिणारे, नक्काश म्हणजे चित्रकार, मुजह्हिब म्हणजे सोन्याची वेलबुट्टी करणारे, जदवलकश म्हणजे चौकटी आखणारे, सोनं खलून रंग करणारे, सोन्याचा वर्ख कुटणारे आणि लाजवर्द धुणारे. निळा रंग धुणाऱ्या माणसांचा शाही फर्मानात वेगळा उल्लेख! बेहजाद समजून घ्यायचा तर 'महान चित्रकार' एवढ्यावर थांबून चालत नाही, हा कारखाना समजून घ्यावा लागतो. म्हणून हा धागा.

चरित्र थोडक्यात. जन्म हेरातचा (आजच्या अफगाणिस्तानातलं), १४५० ते १४६० च्या दरम्यान. लहानपणीच पोरका झाला आणि मीरक नक्काशने त्याला वाढवलं. मीरक स्वतः हेरातचा सुलतान हुसेन बायकराच्या किताबखान्याचा प्रमुख होता, म्हणजे पोरगा कागद-रंगांतच मोठा झाला. हुसेन बायकराची कारकीर्द १४६९ ते १५०६. त्याच्या दरबारात कवी जामी होता, मीर अली शेर नवाई होता (नवाई बेहजादचाही आश्रयदाता) आणि सुलतान अली मशहदीसारखा नस्तालीक या फारसी लिपीवळणाचा सुलेखनकार होता. १५०७ मध्ये शैबानी खानाच्या उझबेकांनी हेरात घेतलं, १५१० मध्ये इस्माईलने ते त्यांच्याकडून जिंकलं. इस्माईलचा मुलगा तहमास्प लहानपणी नावापुरता हेरातचा सुभेदार होता. तो १५२२ मध्ये तब्रीझला परतला आणि वरचं फर्मानही त्याच वर्षाचं आहे.

आता मुख्य गोष्ट. साक्षीपुराव्याने भक्कम असं बेहजादचं काम म्हणजे कैरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली फारसी कवी सादीच्या 'बुस्तान' या काव्याची प्रत. लेखन १४८८ चं, सुलतान अलीच्या हातचं. तिच्यातल्या चार चित्रांवर बेहजादची सही आहे आणि ती शोधावी लागते. राजा दारा आणि त्याचा घोडेराखणदार या चित्रात ती राजाच्या बाणांच्या भात्यावर आहे. गोष्टही कशी, बघा. राजा स्वतःच्याच राखणदाराला शत्रू समजून त्याच्यावर बाण रोखतो. राखणदार म्हणतो, मी तुझ्या कळपातला एकेक घोडा ओळखतो आणि तू मला ओळखलं नाहीस? ओळख पटवण्याच्या या गोष्टीत चित्रकाराने आपलं नाव नेमकं त्या भात्यावर घातलं. बाणाकडे बघणाऱ्यालाच ते दिसणार.

दुसरं चित्र युसुफ आणि झुलेखाचं. पान जेमतेम ३० सेंटिमीटर उंच. त्यावर अख्खा महाल उभा केला आहे: नागमोडी जिने, एकामागून एक बंद दारं, आणि वर उजवीकडे हिरव्या कपड्यातला युसुफ निसटू पाहतोय, लाल कपड्यातली झुलेखा त्याला धरू पाहतेय. महालात तिसरं माणूस नाही. आता गंमत बघा, सादीच्या मजकुरात हा महाल नाहीच. सात दालनं आणि कुलुपबंद दारं जामीच्या काव्यातली, आणि ते काव्य तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. चित्रातल्या इमारतीवर जामीच्या ओळी लिहिलेल्याही आहेत. म्हणजे पोथी सादीची आणि चित्र जामीचं! चित्रकार वाचत होता आणि नवं वाचत होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा?

कागद, रंग, कृती यांची माहिती असणाऱ्यांनी भर घालावी.

---

खलबत्ता

उत्तम धागा. कारखान्याच्या बाजूने लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याकडे मुघल आणि राजस्थानी चित्रांमुळे 'वसली' (अनेक कागद चिकटवून केलेला जाड पुठ्ठा) डोक्यात बसलेली असते. इराणी पोथीतलं चित्र वसलीवर नसतं. ते पोथीच्याच एका पातळ पानावर असतं आणि त्याच्या पाठीमागे बहुधा मजकूर असतो. म्हणून चुकीला जागा फार कमी. रंग जाड लागला तर पान उलटताना तडकतो, पाणी जास्त झालं तर मागची शाई उठते.

कागद चिंध्यांचा, ताग किंवा अळशीच्या धाग्याचा. त्याला खळ द्यायची, वाळवायचा आणि मग गुळगुळीत लाकडी फळीवर ठेवून अकीकाने किंवा काचेच्या गोट्याने घोटायचा. खळ गव्हाच्या सत्त्वाची किंवा तांदळाची. आज करून बघायची असेल तर १ भाग सत्त्व आणि १० ते १२ भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, गाळायचं, कोमट असताना मऊ कापडाने दोन पातळ हात द्यायचे. एकच जाड हात दिला तर घोटताना त्याचे पापुद्रे निघतात. खळ कमी पडली तर रंग कागदात शोषला जातो आणि रेषेला केस फुटतात. कागद थोडा दमट असतानाच घोटायला घेतला तर चकाकीऐवजी चरे पडतात.

मग मिस्तर: पुठ्ठ्यावर ठरावीक अंतराने ताणून शिवलेले दोरे. त्यावर पान ठेवून बोटाने दाबलं की ओळींचे वळ उमटतात, शाई लागत नाही. कातिब त्यावर बोरूने लिहितो आणि चित्राची जागा कोरी सोडतो. म्हणजे चित्राचा आकार चित्रकार ठरवत नाही, बऱ्याच अंशी कातिब ठरवतो. चित्राच्या मधे मजकुराच्या पट्ट्या दिसतात त्या आधी लिहिलेल्या असतात. बेहजादची करामत इथे बघण्यासारखी आहे. युसुफच्या चित्रात मजकुराच्या पट्ट्या महालाच्याच भिंतीचा भाग होऊन बसल्या आहेत.

कच्चं रेखाटन कोळशाने किंवा अगदी फिक्या रंगाने करायचं. तयार आकृती पुन्हा वापरायची असेल तर 'चरबा', म्हणजे हरणाचं पारदर्शक होईल इतकं पातळ केलेलं कातडं. त्यावर आकृती गिरवायची, रेषेवर सुईने भोकं पाडायची आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. खाली ठिपक्यांची रेषा येते. हेरातच्या वेगवेगळ्या पोथ्यांमध्ये तोच म्हातारा, तोच टेकलेला तरुण परत भेटतो तो यामुळे. त्याला नक्कल म्हणून हिणवायचं कारण नाही, ती कारखान्याची पुंजी होती.

कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, पिसाच्या नळीत ओवलेला. 'एका केसाचा कुंचला' ही दंतकथा सोडून द्या. एका केसावर रंग थांबतच नाही. पोट भरलेलं आणि टोक एका केसावर येणारं, असा कुंचला लागतो.

---

पानगळ

लाजवर्द 'धुणं' म्हणजे नक्की काय? दगड वाटला की निळा रंग मिळत नाही का?

---

खलबत्ता

नाही मिळत, आणि म्हणून तर त्या माणसांना वेगळं पद आहे. दगड बदख्शानच्या खाणींचा. नुसता वाटला तर निळ्याऐवजी राखाडी पूड हाती येते, कारण निळ्या खनिजाबरोबर पांढरा चुनखडीसारखा भाग आणि सोनेरी माक्षिक मिसळलेलं असतं. पाण्यात निवळून थोडं वेगळं होतं, पण उत्तम निळ्यासाठी पिठाचा गोळा करावा लागतो. वस्त्रगाळ पूड राळ आणि मेणाच्या वितळलेल्या मिश्रणात मळायची, मुरू द्यायची आणि मग कोमट क्षारयुक्त पाण्यात (राखेचं निवळलेलं पाणी) गोळा दाबत राहायचं. निळे कण सुटून तळाशी बसतात, मळ गोळ्यातच अडकून राहतो. पहिलं पाणी सर्वांत गडद, दुसरं फिकट, शेवटी उरते ती निळसर राख.

प्रमाण हवं असेल तर १५व्या शतकाच्या सुमाराच्या इटालियन कृतीत दगडाच्या पुडीइतकंच वजन राळ-मेणाचं धरलं आहे: त्यातलं निम्मं चीडाची राळ, पाव मस्तकी, पाव मेण, आणि गोळा किमान तीन दिवस रोज मळायचा. पाणी फार गरम झालं तर मेण सुटून निळ्यात मिसळतं आणि मग तो रंग डिंकाच्या पाण्यात कालवलाच जात नाही, वर तरंगतो. फार बारीक वाटला तरी नुकसान, निळा फिका पडतो. लाजवर्द थोडा भरड असतानाच खुलतो, म्हणून तो कुंचल्याला जड जातो आणि सपाट लावायला हात लागतो.

सोन्याचं उलट. वर्ख जितका खलाल तितका चांगला. बशीत डिंकाचं दाट पाणी किंवा मध घ्यायचा, एकेक पान बोटाने घासत राहायचं, कोरडं पडायला लागलं की थेंबभर पाणी. मग भरपूर पाणी घालून निवळू द्यायचं, वरचं ओतून टाकायचं, असं तीन-चार वेळा. डिंक किंवा मध उरला तर सोनं घोटल्यावर चमकत नाही, मातकट राहतं.

---

हिंगूळ

रंग चढवण्याचा क्रम सांगतो, कारण त्यावरून अर्धवट राहिलेली चित्रं वाचता येतात.

सोनं-चांदी आधी. सोन्याचं आभाळ अकीकाने घोटावं लागतं आणि शेजारी रंग असेल तर तो घासून निघतो. मग डोंगर, जमीन, इमारती. मग कपडे. चेहरे सर्वांत शेवटी, तेही बहुधा सर्वांत जाणत्या हाताने. पुढे अकबराच्या कारखान्यात हे काम वाटून दिल्याच्या नोंदी पानाच्या समासातच सापडतात: 'तर्ह' अमक्याची (आराखडा), 'अमल' तमक्याचा (रंगकाम), 'चेहरानामी' तिसऱ्याची. इराणी पोथ्यांत अशी नोंद सहसा नसते, म्हणून तिथे एकाच नावावर सगळं खपून जातं.

कामाची वाटणी कशी चाले याचा हेरातमधलाच आधीचा पुरावा आहे. हेरातचा राजपुत्र बायसुंगुरच्या किताबखान्याचा प्रमुख जाफर तब्रीझी याने त्याला दिलेला कामाचा अहवाल. बायसुंगुर १४३३ मध्ये वारला, म्हणजे त्याच्या आधीचा. कोणाचं काम कुठवर आलं याची तो ओळीने नोंद देतो: अमीर खलीलचं 'गुलिस्तान'मधल्या दोन समुद्रांच्या लाटांचं काम झालं, आता रंग सुरू करेल. एका माणसाकडे लाटा! बेहजाद या शिस्तीत तयार झाला.

आता बेहजादने नवं काय आणलं? ब्रिटिश लायब्ररीतल्या निजामीच्या खम्सामधलं (पाच काव्यांचा संच, १४९४-९५) खवर्नक महालाच्या बांधकामाचं चित्र मोठं करून बघा. गोष्ट राजाच्या महालाची आणि चित्रात राजा नाही. वीसेक मजूर आहेत. लाकूड-दोरांची परांची, शिडीवरून चढणारा, चुना कालवणारा, दगड घडवणारा, वरच्याला माल पोचवणारा. कोणी कोणाकडे उगाच बघत नाही, ज्याची नजर त्याच्या कामावर. चेहऱ्यांचे रंगही वेगवेगळे आहेत, सावळा माणूस सावळा आहे. त्याच पोथीत हारून अल्-रशीद हम्मामखान्यात डोकं करून घेतोय आणि बाजूच्या दालनात एक नोकर लांब काठीने ओले पंचे दोरीवर टाकतोय. त्या काठीचा आणि पंच्यांच्या ओळींचा तोल बघा, चित्र त्यावर उभं आहे. खलिफा नुसता निमित्त.

---

दौत

संग्रहालयांच्या यादीत बेहजादच्या नावावर कितीतरी चित्रं दिसतात. शिवाय उस्मानी तुर्कांशी झालेल्या चाल्दिरानच्या लढाईच्या वेळी (१५१४) शाह इस्माईलने त्याला गुहेत लपवून ठेवलं आणि लढाई हरल्यावर आधी 'बेहजाद आहे ना?' म्हणून चौकशी केली, असंही वाचलं. हे खरं धरायचं का?

---

बोरूवाला

गुहेची गोष्ट उस्मानी लेखक मुस्तफा आलीने १५८७ मध्ये लिहिली, म्हणजे लढाईनंतर ७३ वर्षांनी आणि शत्रूच्या दरबारात बसून. १५१४ मध्ये बेहजाद तब्रीझमध्ये होता असं दाखवणारा समकालीन कागद नाही, तब्रीझशी त्याला जोडणारं फर्मान १५२२ चं. गोष्ट म्हणून छान आहे, चरित्रात घेऊ नये.

चित्रांबद्दल माझं स्पष्ट मत आहे की तीन वेगळे ढीग करावेत.

पहिला, कैरो 'बुस्तान'मधली सहीची चार चित्रं. ही मोजपट्टी.

दुसरा, ज्यांना जुना आधार आहे पण समकालीन नाही. १४९४-९५ च्या खम्सावर जहांगीर बादशहाची हस्ताक्षरातली नोंद आहे. २२ चित्रांपैकी १६ बेहजादची, ५ मीरकची आणि १ अब्दुर्रज्जाकची, अशी त्याने वाटणी केली आहे. जहांगीरची नजर तयार होती यात शंका नाही, पण ही १७व्या शतकातल्या जाणकाराची पारख आहे, हेरातची नोंदवही नव्हे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधलं अत्तारचं 'मंतिक उत-तैर' (लेखन १४८७) याच काठावरचं. त्यातली चार चित्रं हेरातची आणि चार थेट १६०० च्या सुमारास इस्फहानमध्ये भरलेली, कारण कातिबाने सोडलेल्या जागा शतकभर कोऱ्याच राहिल्या होत्या. मग शाह अब्बासने ती पोथी १६०९ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला दिली. एकाच पोथीत शंभर वर्षांचं अंतर, हे माहीत नसलं तर गफलत ठरलेली.

तिसरा ढीग, नंतर कोणीतरी नाव घातलेली चित्रं. हा सर्वांत मोठा. पारखताना तीन गोष्टी बघा. सही चित्राच्या आत आहे की कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत? शब्द 'अमल अल्-अब्द बेहजाद' (दास बेहजादचं काम) असे नम्र आहेत की 'उस्ताद बेहजाद' असे? स्वतःला कोणी उस्ताद लिहीत नाही, ते मालक लिहितो. आणि भिंगाखाली बघितल्यावर सहीची शाई भेगेत उतरली आहे का? रंग आधी तडकला आणि सही नंतर आली, तर शाई भेगेत शिरते.

---

खलबत्ता

तिसऱ्या मुद्द्याला जोडून, चित्र बिघडतं कसं तेही लिहितो, कारण बिघाड ओळखता आला नाही तर रंगाबद्दल चुकीचे निष्कर्ष निघतात.

इराणी चित्रांतले ओढे आणि हौद काळे दिसतात ना? ते काळे रंगवलेले नाहीत. ती चांदी आहे, हवेतल्या गंधकाने काळवंडलेली. काळा ओढा दिसला की मनात तिथे चकाकतं पाणी धरायचं, मगच रंगसंगती कळते.

सफेदा शिशाचा, तोही गंधकाने करडा-काळा पडतो. कधीकधी पांढऱ्या दाढ्या आणि गोऱ्या चेहऱ्यांवर डाग दिसतात ते याचे. हरताळात (पिवळ्या रंगात) गंधक असतं म्हणून तो सफेदा किंवा जंगालाच्या (तांब्याच्या हिरव्याच्या) शेजारी सांभाळून लावायचा, मिसळायचा तर नाहीच. (आपल्याकडचे पोथी लिहिणारे चुकलेलं अक्षर हरताळानेच झाकत. 'हरताळ फासणं' तिथूनच आलं.) हिंगूळ (पाऱ्याचा लाल) उजेडात काळसर होतो, शेंदूरही.

सर्वांत वाईट जंगाल. तांब्याचे पत्रे शिर्क्याच्या वाफेवर टांगून खरवडलेला हिरवा. त्यातलं तांबं कागदाचा धागा जाळतं. आधी पानाच्या मागे तपकिरी सावली येते, मग कागद ठिसूळ होतो आणि शेवटी हिरवा भाग गळून पडतो. चौकटीची एक रेघ जंगालाची असली तर मजकुराचा अख्खा चौकोन कापल्यासारखा सुटून येतो आणि समास पोथीत राहतो. इराणी कारागिरांनी यावर उपाय शोधला होता, जंगालात केशर घालायचं. आधुनिक चाचण्यांत केशरामुळे कागदाचं जळणं खरंच मंदावलेलं दिसलं आहे. ते फक्त छटेसाठी घालत असं समजू नये.

कोणाकडे असं पान असेल तर ओला बोळा, ओली खळ, काहीही लावू नका. ओलाव्याने तांबं पसरतं आणि शेजारचा चांगला कागदही जळतो.

---

पानगळ

बाबरने बेहजादवर टीका केली आहे ना? ती नेमकी काय?

---

हिंगूळ

हो. बाबर १५०६ मध्ये हेरातला गेला होता, बोलतोय तो माहीतगार. बेहजादचं काम फार नाजूक आहे, पण बिनदाढीचे चेहरे त्याला नीट जमत नाहीत, हनुवटीखालची घडी फार लांबवतो. दाढीवाले चेहरे मात्र उत्तम काढतो, असं तो म्हणतो. ही शेऱ्यांतली दुर्मीळ जात आहे: तपासता येते. 'बुस्तान'मधले तरुण चेहरे आणि म्हातारे मौलवी शेजारी ठेवून बघा. मौलवींमध्ये प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे, तरुण एकाच साच्यातले. बाबरचं निरीक्षण मला पटतं.

---

दौत

हे सगळं आपल्याकडे कुठल्या वाटेने आलं?

---

बोरूवाला

उत्तरेतली वाट सरळ आहे. हुमायून १५४४ मध्ये तहमास्पकडे आश्रयाला गेला, तिथले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद १५४९ मध्ये त्याच्याकडे काबूलला आले आणि पुढे अकबराचा कारखाना त्यांनी उभा केला.

दख्खनची वाट वेगळी, आणि तिचा एक ठळक साक्षीदार पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची फारसी पोथी आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची (१५५३-६५) स्तुती, रचणारा आफताबी, काळ तालिकोटच्या लढाईनंतर लगेचचा. त्यातली १२ चित्रं शिल्लक आहेत. उंच क्षितिज आणि पोथीची बांधणी इराणी वळणाची, बायकांची ठेवण आणि वस्त्रं इथली. बऱ्याच चित्रांत राजाजवळ बसलेली राणी खुंजा हुमायून नंतर रंग फासून झाकली आहे. तिच्या मुलाने, मुर्तजाने, १५६९ मध्ये तिला कैदेत टाकलं, त्यानंतरचं हे काम मानतात. यात बेहजादचा हात शोधू नये. हेरातमध्ये घडलेली पोथीची रीत किती दूरवर आणि किती बदलून पोचली, ते बघण्यासाठी ही चित्रं बघावीत.

---

पानगळ

शेवटचं. जन्मसाल अंदाजाने आणि मृत्यूसाल मात्र सगळीकडे नेमकं १५३५-३६, हे कसं?

---

अबजद

कालश्लेषामुळे, म्हणजे अक्षरांच्या अंकांची बेरीज करून साल सांगणाऱ्या ओळीमुळे. बेहजाद तब्रीझमध्ये कवी कमाल खुजंदीच्या शेजारी पुरला गेला. त्याच्यावरच्या कवितेची शेवटची ओळ दोस्त मुहम्मदने १५४४ च्या प्रस्तावनेत दिली आहे: 'नजर अफकन ब खाक-ए-कब्र-ए-बेहजाद', म्हणजे बेहजादच्या कबरीच्या मातीकडे नजर टाक. 'नजर टाक' ही सूचना आहे, मोजायचे शब्द पुढचे. फारसीत अक्षरागणिक अंक ठरलेला असतो:

खाक: ६०० + १ + २० = ६२१
कब्र: १०० + २ + २०० = ३०२
बेहजाद: २ + ५ + ७ + १ + ४ = १९

बेरीज ९४२. हिजरी ९४२ म्हणजे जुलै १५३५ ते जून १५३६. अख्खी ओळ मोजायला घेतली तर उत्तर चुकतं, एकट्या 'नजर'चेच ११५० होतात.